भाजीटंचाईत सकस वरणफळे

नांदगावसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात उन्हाळ्यात भाजीपाला महागतो आणि ताटात भाकरी-चटणीच उरते. अशा वेळी घरची कणीक, तूरडाळ व बांधावरचा शेवगा वापरून आपण सकस वरणफळे करू शकता. काही भागांत यांनाच चकोल्या म्हणतात.

गव्हात लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. डाळीत ते भरपूर असते. डाळीतील मिथिओनीनची उणीव गहू भरून काढतो. म्हणून दोन्ही एकत्र खाल्ल्यास चांगल्या प्रतीची प्रथिने मिळतात.

कृती (४ जणांसाठी) : १ वाटी तूरडाळ शिजवून घोटावी. २ वाट्या न चाळलेली कणीक मीठ, हळद, ओवा घालून घट्ट मळावी. १५ मिनिटांनी पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावेत. २ चमचे तेलात मोहरी, जिरे, लसणाची फोडणी करून कांदा व २ मुठी शेवग्याचा कोवळा पाला परतावा. डाळ, तिखट, मीठ व ५ ते ६ वाट्या पाणी घालावे. वरणाला खळखळून उकळी आल्यावरच फळे एकेक सोडावीत, अन्यथा गोळा होतो. १० ते १२ मिनिटे शिजवावे.

लिंबू मात्र पातेले उतरवल्यावरच पिळावे. त्यातील क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते आणि डाळ-पाल्यातील लोह अंगी लागण्यास तेच मदत करते. जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये. त्यामुळे लोहाचे शोषण घटते. घरातील गरोदर महिला व वाढत्या मुलींच्या बाबतीत ही काळजी आवर्जून घ्यावी.