चुना लावलेली भाकरी

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या मराठी आई-वडिलांना पहिल्या पंधरवड्यात कधीतरी मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये नेले जाते. कारण साधे आहे. तिथे शाकाहारी माणसालाही पोटभर मिळते आणि चव परकी वाटत नाही. भात असतो, राजम्यासारखी उसळ असते, पोळीसारखे काहीतरी असते, कांदा-टोमॅटो-कोथिंबिरीची कोशिंबीर असते आणि तोंडी लावायला मिरची. ‘अगं, हे तर अगदी आपल्यासारखंच!’ असे म्हणत जेवण सुरू होते. तासाभराने पोटाला तडस लागलेली असते, घसा कोरडा पडलेला असतो, आणि मधुमेह असलेल्यांना घरी गेल्यावर ग्लुकोमीटर वेगळाच आकडा दाखवतो.

जेवण आपल्यासारखे आहे हे खरे, पण अर्धेच. त्या टेबलावर दोन वेगवेगळे स्वयंपाक एकत्र आलेले असतात. एक मेक्सिकोचा जुना स्वयंपाक, म्हणजे मका, घेवड्याच्या जातीची कडधान्ये, मिरची, टोमॅटो, अ‍ॅव्होकाडो. दुसरा अमेरिकेच्या सीमेवर, विशेषतः टेक्सासात वाढलेला. त्यात मैद्याची मोठी पोळी, ढीगभर पिवळे चीज, आंबट साय आणि सगळे तळलेले. नाचोज हा पदार्थ १९४०च्या दशकात सीमेलगतच्या एका मेक्सिकन गावात तयार झाला, तोही पलीकडून आलेल्या अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी. मेनूकार्डावर हे दोन्ही स्वयंपाक शेजारी शेजारी छापलेले असतात, पण शरीराच्या हिशेबात त्यांच्यात बरेच अंतर आहे.

गडबड मात्र मेनूकार्ड उघडण्याआधीच सुरू होते. बसल्या बसल्या टोपलीभर गरम, खारट चिप्स आणि वाटीभर साल्सा समोर येतो. अनेक ठिकाणी फुकट. टोपली संपली की दुसरी येते, न मागता. ही पद्धत अमेरिकेतली; मेक्सिकोतल्या घरी जेवणाची सुरुवात अशी होत नाही. मक्याच्या या तळलेल्या चिप्स २८ ग्रॅम, म्हणजे साधारण दहा-बारा खाल्ल्या तर सुमारे १४० कॅलरी पोटात जातात. भुकेल्या माणसाचा हात दहा-बारावर थांबत नाही. गप्पांच्या नादात एकट्याने तीस-चाळीस चिप्स संपवणे अवघड नाही, आणि तेवढ्यात आपल्या एका बेताच्या जेवणाइतक्या कॅलरी होतात. यावर माझा उपाय उद्धट वाटेल, पण तो चालतो: प्रत्येकाने मूठभर चिप्स आपल्या बशीत घ्याव्यात आणि टोपली वेटरला परत न्यायला सांगावी. साल्सा मात्र ठेवून घ्यावा.

आता टॉर्टिया. तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवे, कारण तिच्यामागे पोषणशास्त्रातली एक मोठी गोष्ट आहे.

आपल्याकडे मक्याची भाकरी थापणाऱ्यांना ठाऊक आहे की ते पीठ हाती लागत नाही. गरम पाण्यात मळा, जपून थापा, तरी कड फाटतेच. मेक्सिकोची मक्याची टॉर्टिया मात्र पातळ असते, दुमडली तरी मोडत नाही. हा फरक नुसत्या हातोटीचा नाही, चुन्याचा आहे. तिथे मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर त्यातच भिजू देतात आणि सकाळी चोळून धुतात. दाण्यावरचे जाड साल सुटते, आतल्या पेशींच्या भिंतींतले काही घटक विरघळतात आणि वाटलेल्या मक्याला चिकटपणा येतो. मग दगडी पाट्यावर वाटायचे, गोळा थापायचा आणि सपाट तव्यावर भाजायचा. तेल लागत नाही. या प्रक्रियेला निक्सटामलायझेशन म्हणतात. हा शब्द मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या नाहुआतल भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी राखेसाठीचा शब्द आहे. ही युक्ती मध्य अमेरिकेत किमान तीन हजार वर्षे वापरात आहे.

या चुन्याने आणखी एक काम केले, जे त्या बायकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मक्यात नायसिन हे ब गटातले जीवनसत्त्व असते, पण ते इतर घटकांना असे घट्ट बांधलेले असते की आपल्या आतड्यांना मिळत नाही. चुन्याचे अल्कली पाणी ते मोकळे करते. मका युरोपात गेला, पण चुना सोबत गेला नाही. १७३५मध्ये गास्पार कासाल या वैद्याने स्पेनमधल्या गरीब शेतकऱ्यांत एक विचित्र आजार नोंदवला. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर खरबरीत चट्टे, मग जुलाब, मग भ्रम, आणि शेवटी मृत्यू. इटलीत त्याला पेलाग्रा, म्हणजे खरबरीत कातडी, हे नाव पडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मक्याचे पीठ आणि काकवीवर जगणाऱ्या गरिबांमध्ये या रोगाने थैमान घातले. त्या चार दशकांत तीस लाखांच्या आसपास लोकांना तो झाला आणि सुमारे एक लाख माणसे दगावली, असा अंदाज आहे. हा संसर्ग नसून आहारातली उणीव आहे, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासूनच्या कामातून दाखवले. त्यासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त स्वतःला टोचून घेण्यापर्यंत मजल मारली. उणीव नायसिनची आहे हे कळायला १९३७ उजाडले. आणि तेव्हाही शेजारच्या मेक्सिकोत मक्यावरच जगणारी माणसे या रोगापासून बऱ्याच अंशी सुरक्षित होती.

पेलाग्रा आपल्यालाही अनोळखी नाही. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६०मध्ये दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतला पेलाग्रा ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जास्तीकडे त्यांनी बोट दाखवले. त्या स्पष्टीकरणावर पुढे बराच वाद झाला, पण केवळ एका धान्यावर दिवस काढणाऱ्याला हा धोका असतो, याबद्दल वाद नाही. ज्वारीच्या भाकरीसोबत डाळ, शेंगदाणे, दूध असेल तर घाबरायचे काही नाही.

तर टॉर्टिया. चुन्यामुळे तिच्यातले कॅल्शियमही कित्येक पटींनी वाढते. दुधाचा वापर फारसा नसलेल्या जुन्या मेक्सिकोत हाडांना लागणारे कॅल्शियम बरेचसे तिच्यातूनच मिळे. तळहाताएवढ्या एका मक्याच्या टॉर्टियात साधारण ५५ ते ६० कॅलरी आणि नगण्य मीठ असते. याउलट बरिटोसाठी वापरतात ती मैद्याची मोठी पोळी. तिच्यात स्निग्धांश मळलेला असतो, आणि आत काही भरण्याआधीच ती सुमारे ३०० कॅलरी आणि ६०० मिलिग्रॅम सोडियम देते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगितले आहे. म्हणजे दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ तिसरा हिस्सा नुसत्या वेष्टनात. त्यात चीज, सॉस, मीठ घालून शिजवलेला भात आणि बीन्स आले की रक्तदाबाच्या रुग्णाचा हिशेब त्याच जेवणात संपतो. तहान लागते ती उगाच नाही.

एका बाबतीत मात्र मैद्याची पोळी पुढे होती. गर्भाच्या मज्जारज्जूतले जन्मजात दोष टाळण्यासाठी अमेरिकेत १९९८ पासून प्रक्रिया केलेल्या गव्हाच्या पिठात फॉलिक अ‍ॅसिड घालणे बंधनकारक आहे. टॉर्टियाचे मक्याचे पीठ त्यातून सुटले होते, आणि ते खाणाऱ्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या मातांच्या बाळांमध्ये हे दोष जास्त आढळत राहिले. या पिठात फॉलिक अ‍ॅसिड घालायला २०१६मध्ये परवानगी मिळाली, पण सक्ती नव्हती. कॅलिफोर्नियाने ती १ जानेवारी २०२६ पासून केली आहे. मूल होऊ देण्याचा विचार करणाऱ्या मुलीने किंवा सुनेने पिठावर विसंबण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी सुरू करणे बरे.

ताटातले दुसरे रत्न म्हणजे बीन्स. वाटीभर, साधारण १७० ग्रॅम शिजवलेल्या काळ्या बीन्समध्ये १५ ग्रॅम प्रथिने आणि तेवढाच चोथा असतो. मधुमेहींसाठी यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. टाइप २ मधुमेह असलेल्या १७ जणांना एकदा नुसता भात आणि इतर वेळी भातासोबत पिंटो, काळ्या किंवा लाल बीन्स देऊन त्यांची रक्तशर्करा मोजली गेली. पिष्टमय पदार्थांचे प्रमाण सारखे ठेवूनही बीन्स असलेल्या जेवणानंतर साखर कमी चढली. हा अभ्यास २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. तो लहान आहे, पण आपल्या राजमा-भाताचीही बाजू घेणारा आहे. अट एकच: बीन्स भरपूर आणि भात बेताचा. रेस्टॉरंटच्या ताटात नेमके उलटे असते, म्हणून भाताऐवजी दुप्पट बीन्स मागाव्यात. बहुतेक ठिकाणी देतात.

शाकाहारींनी इथे दोन प्रश्न विचारायलाच हवेत. घोटून परतलेल्या बीन्समध्ये परंपरेने डुकराची चरबी घालतात. तसेच तो केशरी भात अनेकदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो. मेनूवर ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेल्या पदार्थाच्या शेजारी हेच दोन्ही वाढले जाऊ शकतात. अख्ख्या काळ्या बीन्स चरबीशिवाय असण्याची शक्यता जास्त, तरी विचारावे. संकोच करू नये. तिथल्या वाढप्यांना हे प्रश्न रोजचे आहेत.

मिरचीचे आपल्याला काय कौतुक, असे वाटेल. मिरची, मका, टोमॅटो हे सगळे त्याच भूभागातून पोर्तुगिजांच्या काळात आपल्याकडे आले, तेव्हा माहेर तिकडेच. हालापेन्यो ही मिरची तिखटपणाच्या स्कोव्हिल मापावर २५०० ते ८००० भरते. हाबानेरो लाखाच्या पुढे जाते. नारिंगी रंगाची, गोंडस दिसणारी हाबानेरो चटणी चमचाभर घेण्याआधी हे आठवावे. लागलेच तर पाणी पिऊन उपयोग नाही. तिखटपणा देणारे कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. ते जिभेवरच्या ज्या ग्राहकाला चिकटते तोच ग्राहक चटका बसल्याची खबर मेंदूला देतो. हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. दुधातले केसिन कॅप्सायसिनला ओढून घेते. म्हणून आंबट सायीचा चमचाभर उपयोग आहे तो इथे, बटाट्यावर ढीग रचण्यासाठी नाही.

साल्सा आणि ग्वाकामोले हे ताटातले सर्वांत ताजे, सर्वांत कमी शिजवलेले पदार्थ, आणि म्हणून थोडे जोखमीचेही. २००३मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका मेक्सिकन रेस्टॉरंटमध्ये साल्सातल्या कच्च्या कांद्याच्या पातीतून कावीळ पसरली. सहाशेच्या आसपास लोक आजारी पडले, तीन दगावले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९९८ ते २००८ या काळातल्या रेस्टॉरंटमधील अन्नजन्य आजारांच्या उद्रेकांचा आढावा घेतला तेव्हा, दोषी पदार्थ कळलेल्या दर पंचवीसपैकी जवळपास एक उद्रेक या दोन पदार्थांशी जोडलेला निघाला. यासाठी साल्सा सोडायची गरज नाही. तो थंडगार आहे का, मागच्या टेबलावरून उचललेला तर नाही ना, एवढे पाहावे. कोमट, पाणी सुटलेला साल्सा परत पाठवावा.

मागवायचे काय, असे थेट विचारले तर माझे उत्तर असे: मक्याच्या मऊ, न तळलेल्या टॉर्टियात दोन टाको, त्यात बीन्स आणि परतलेल्या भाज्या, वर भरपूर साल्सा, अ‍ॅव्होकाडोच्या दोन फोडी, लिंबू. चीज हवे तर वेगळे मागून घ्यावे. सॅलड ऐकायला सात्त्विक वाटते, पण तळलेल्या मैद्याच्या खोलगट वाटीत वाढलेले सॅलड हा शब्दांचा खेळ आहे. वीस किंवा त्याहून अधिक शाखा असलेल्या अमेरिकी साखळ्यांना २०१८ पासून मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी छापाव्याच लागतात. चष्मा लावून तेवढा आकडा वाचला तरी निम्मे काम होते. तांदूळ-दालचिनीचे गोड पेय ओर्चाता चवीला छान, पण ते पेय नव्हे, पातळ खीर समजून दोघांत एक घ्यावे.

उरलेले डब्यात बांधून देतात, आणि आपल्याला टाकवत नाही. तिथे एक नियम पाळावा: शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे, आणि बाहेर ३२ अंश सेल्सिअसहून जास्त ऊन असेल तर तासाभरात. भाताच्या बाबतीत हे जास्तच खरे, कारण शिजवूनही टिकणारे जिवाणूंचे बीजाणू कोमट भातात वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम करून नष्ट होत नाही. जेवून थेट मॉलमध्ये जायचे असेल तर डबा गाडीत ठेवू नका, आधी घरी सोडा.