कमानीचा सांधा

घराचें मुखद्वार करवितांना गृहस्थ सागवानाचा भाव करतो, कड्या-कोयंडे पारखतो, गणेशपट्टीवरील मूर्ति उजव्या सोंडेची कीं डाव्या याचाही खल करतो. परंतु कमानीची वांकडी पट्टी बाजूच्या सरळ पट्टीस जेथें मिळते, त्या चार इंचांकडे त्याचें लक्ष जात नाहीं. पावसाचें मात्र प्रथम तेथेंच जातें.

संस्कृत शिकविण्यांत आमचें आयुष्य गेल्यामुळें आम्हांस येथें संधिप्रकरण आठवतें. कांहीं वर्ण शेजारीं येऊनही जसेच्या तसे राहतात. ‘अ’ आणि ‘इ’ मिळाले म्हणजे मात्र दोघेही आपलें रूप टाकतात. कमानींतही हे दोन्ही प्रकार आहेत. कमान पूर्ण अर्धवर्तुळाची असली, तर वर्तुळमध्याच्या पातळीवर वांकडी पट्टी आपोआप उभी होते. दोहोंचीं टोकें गुण्या लावून काटकोनांत कापलीं कीं झालें. सांधा या पातळीच्या खालीं-वर सरकला, तर मात्र डोळ्यास खुपतो.

खरी परीक्षा बसक्या कमानीची. दार ४ फूट रुंद व कमानीची उंची १ फूट धरूं. अर्ध्या रुंदीचा वर्ग व उंचीचा वर्ग यांची बेरीज उंचीच्या दुपटीनें भागली असतां त्रिज्या मिळते. येथें ती २॥ फूट येते, आणि वर्तुळमध्य कमानीच्या पायापासून १॥ फूट खालीं पडतो. ३, ४, ५ या प्रमाणाचा हा त्रिकोण शुल्बसूत्रकारांस चांगला ठाऊक होता. अशा कमानीची पट्टी उभ्या पट्टीशीं सुमारें ३७ अंशांनीं वळून मिळते, म्हणून दोघींनाही आपलें टोक तिरपें करून द्यावें लागतें. अंश मोजीत बसण्यापेक्षां फळीवर दोन्ही पट्ट्यांच्या कडा पूर्ण मापानें आंखाव्या. आंतल्या कडा जेथें मिळतात तो एक बिंदु, बाहेरच्या मिळतात तो दुसरा. ते जोडणारी रेघ हीच कापण्याची रेघ. पट्टी ४ इंच रुंद असेल, तर बाहेरचा बिंदु आंतल्याहून सुमारें सव्वा इंच वर येतो. काटेकोरपणें पाहतां हा छेद सरळ नसून अन्वस्ताचा तुकडा असतो. पण एवढ्या रुंदींत त्याचा बांक केसाहून जास्त नसतो, आणि त्यासाठीं सुतारास छळण्याचें कारण नाहीं.

आतां पाण्याविषयीं. सांध्याचें बाहेरचें टोक उंच व आंतलें सखल, म्हणजे फटींत शिरलेलें पाणी थेट चौकटीकडेच वाहतें. त्यांत लांकूड कापलेल्या टोंकांतून पाणी अधिक शोषतें, आणि फुगतें तें रेषांना आडवें. वांकडी पट्टी एकाच फळींतून कापली, तर तिच्या टोंकांजवळ रेषा आंखूड राहतात व तेथें ती चिरते. यास्तव ती तीन किंवा पांच तुकड्यांची करावी, प्रत्येकाच्या रेषा शक्य तितक्या कमानीबरोबर जाव्या, व तुकडे आंतून लांकडी खुंट्यांनीं जोडावे.

आमच्या परिचयाच्या एका घरीं मक्तेदारानें हा छेद अंदाजानें घेतला व उरलेली फट लांबीनें बुजवून वर रंग दिला. पहिल्याच उन्हाळ्यांत लांबी सुटली. पुढील दोन पावसाळ्यांत पाणी चौकटीच्या माथ्यांत मुरलें, दार अडूं लागलें, आणि अखेर कुजलेल्या माथ्याबरोबर पणजोबांच्या वेळची कोरीव गणेशपट्टीही उतरवावी लागली. घरांतील वृद्ध बाईंनीं ती देवघरांत ठेवून घेतली. दारावर तिच्या जागीं आज कोरी फळी आहे.

म्हणून पट्ट्या ठोकण्यापूर्वीं त्या कोरड्याच लावून पाहाव्या. सांध्यांत कागद सरकतां कामा नये. मग कापलेल्या टोंकांस जवसाचें उकळलेलें तेल दोन वेळां पाजावें, तें वाळूं द्यावें, आणि रंगाचा पहिला हात पाठीमागच्या बाजूसही द्यावा. ती बाजू दिसत नाहीं म्हणून कारागीर ती टाळतात. मालकानें तेवढ्या वेळापुरतें जवळ उभें राहावें. कमानीवर हातभर छज्जा काढतां आला, तर फारच उत्तम.