रात्रीच्या घोड्यासाठी कोणता फ्लॅश?

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा सुरू होते. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, तापीकाठी, एकमुखी दत्ताच्या दर्शनाला माणसं येतात आणि घोडेबाजारात देशभरातले मारवाडी, काठेवाडी घोडे. डिसेंबरचा दिवस लवकर मावळतो. घोड्याची चाल दाखवणं, त्याला नाचवणं दिव्यांच्या उजेडातही चालू राहतं. आमच्या नालासोपाऱ्यात घोड्यांचा बाजार नाही, पण तुळशीची लग्नं लागली की आचोळे रोडला, तुळींजला वरातीची घोडी दिसू लागते. आणि उडी मारणारा घोडा पाहायचा तर विरार लोकल पकडावी, दादरला स्लो गाडी घ्यावी. महालक्ष्मी रेसकोर्सच्या आवारात अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. ठिकाण कुठलंही असो, सूर्य मावळल्यावर फोटोग्राफरपुढे अडचण एकच: अंधार आणि एका जागी न थांबणारं जनावर.

दुकानात फ्लॅश घ्यायला गेलेला माणूस आधी पॉवर विचारतो. रात्रीच्या घोड्यासाठी मात्र पहिला प्रश्न वेगळा हवा. फ्लॅश किती ताकदवान आहे यापेक्षा त्याचा झोत किती कमी वेळ टिकतो आणि तो कुठून येतो, यावर फोटो ठरतो.

झोत जितका छोटा तितकी टाप स्वच्छ

भरधाव घोडा ताशी ४८ किलोमीटरने धावतो असं धरलं, तर सेकंदाला तेरा मीटरहून जास्त अंतर कापतो. बहुतेक कॅमेऱ्यांचं शटर फ्लॅशबरोबर १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंतच नीट जुळतं. तेवढ्या वेळात घोडा पाच सेंटिमीटर पुढे सरकतो, आणि पुढे फेकला जाणारा खूर तर त्याहून जास्त. नुसत्या शटरवर विसंबलं तर नाल, आयाळ, लगाम सगळं पुसट होतं.

इथे फ्लॅश कामाला येतो. अंधारात घोडा दिसतो तो फ्लॅश पेटला तेवढ्याच क्षणापुरता, म्हणजे खरं शटर फ्लॅशच असतो. कॅमेऱ्यावर बसणारा चांगला स्पीडलाइट पूर्ण ताकदीवर साधारण १/९०० सेकंद पेटतो, पण ताकद १/१६ वर आणली की तोच झोत सुमारे १/१०,००० सेकंदाचा होतो. तेवढ्या वेळात आपला घोडा जेमतेम सव्वा मिलिमीटर हलतो. स्पीडलाइटमध्ये ताकद कमी केली की वीज मध्येच तोडली जाते, म्हणून झोत आखूड होतो. स्टुडिओतल्या जुन्या पद्धतीच्या मोठ्या फ्लॅशचं उलटं असतं: ताकद कमी केली की झोत लांबतो. म्हणून मोठा दिवा घेताना माहितीपत्रकात झोत किती वेळ टिकतो ते सांगणारा ‘टी ०.१’ हा आकडा पाहावा. जाहिरातीत बहुधा ‘टी ०.५’ छापतात, तो दिसायला आकर्षक असतो, पण हालचाल गोठवण्याच्या दृष्टीने अपुरा.

घोड्याची हालचाल गोठवण्याचा हा ध्यास फोटोग्राफीइतकाच जुना म्हणायला हवा. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोडीचे फोटो घेतले आणि धावताना चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात हे दाखवून दिलं. तेही पाय ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार तोवर नेमकं उलट काढत आले होते. मायब्रिजला त्यासाठी लख्ख ऊन लागलं होतं. आपल्याला तेच काम अंधारात करायचं आहे.

मग ताकद पुरेल का?

पुरते, आणि हिशेब सोपा आहे. फ्लॅशचा गाइड नंबर भागिले अ‍ॅपर्चर म्हणजे आयएसओ १०० ला तो किती मीटरपर्यंत पोहोचतो ते अंतर. गाइड नंबर ४० आणि अ‍ॅपर्चर एफ/४ असेल तर दहा मीटर. आता ताकद १/१६ केली तर उजेड सोळा पटींनी घटला; आयएसओ १६०० केला तर कॅमेऱ्याची संवेदना सोळा पटींनी वाढली. दोन्ही बाजू फिटल्या, अंतर पुन्हा दहा मीटर. रिंगणाच्या कडेला उभं राहणाऱ्याला बहुतेकदा एवढं चालतं. अंतर दुप्पट झालं की मात्र उजेड चौथाईवर येतो, म्हणून दूरच्या घोड्यामागे ताकद वाढवत बसण्यापेक्षा फ्लॅशच स्टँडवर लावून घोड्याच्या वाटेजवळ न्यावा. एका भारी फ्लॅशच्या पैशात दोन साधे मॅन्युअल स्पीडलाइट आणि रेडिओ ट्रिगर येत असतील, तर मी डोळे झाकून दुसरा पर्याय घेईन.

आजूबाजूचा उजेडही मोजावा. तो जास्त असला तर घोड्याची दोन रूपं उमटतात: फ्लॅशने गोठवलेलं एक आणि दिव्यांनी ओढलेलं पुसट दुसरं. फ्लॅशशिवाय चाचणीचा फोटो काढावा; तो निदान दोन स्टॉप काळवंडलेला यायला हवा. हाय-स्पीड सिंकने शटर वेगवान करता येतं, पण तिथे फ्लॅश एका झटक्याऐवजी लागोपाठ ठिणग्या देतो आणि ताकद बरीच खर्ची पडते. आणि फ्लडलाइट झगझगीत असतील तर फ्लॅश काढूच नये. एफ/२.८ ची लेन्स, आयएसओ ६४०० आणि १/१००० सेकंदाचं शटर यांवर काम भागतं.

फ्लॅश कुठे उभा करायचा

कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश घोड्याला सगळ्यात वाईट. घोड्याच्या डोळ्यात पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो. समोरून पडलेला झोत तिथून थेट लेन्समध्ये परततो आणि डोळा हिरवट-निळा पेटल्यासारखा दिसतो. फ्लॅश बाजूला, कॅमेऱ्यापासून तीस-पंचेचाळीस अंश सरकवला की ते टळतं, आणि खांद्याचे स्नायू, मानेचा बाक उठून दिसतो. यात्रेच्या मैदानात धूळही असतेच. समोरच्या फ्लॅशने कॅमेऱ्याजवळचे धुळीचे कण पांढरे ठिपके होऊन फोटोभर पसरतात. तीच धूळ मागून, तिरक्या झोतात उजळली की टापांखालून सोनेरी ढग उठतो.

रंगाकडेही लक्ष हवं. सोडियमच्या दिव्याचा उजेड केशरी, फ्लॅशचा दुपारच्या उन्हासारखा पांढरा. फ्लॅशवर केशरी जेलचा तुकडा लावला की घोडा आणि मागची यात्रा एकाच रात्रीतली वाटते. पांढऱ्याशुभ्र नुकरा घोड्यावर उजेड थोडा कमी ठेवावा, नाहीतर अंगावरचा तपशील उडून जातो. काळा घोडा उजेड पिऊन टाकतो, त्याला मागच्या बाजूने दुसरा फ्लॅश द्यावा म्हणजे पाठीची रेघ अंधारातून सुटते.

आधी घोडा, मग फोटो

घोड्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग तेवढे सुटतात. उजेडातून अंधाराला सरावायला त्याच्या डोळ्यांना माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. उडीसाठी पाय उचलायच्या क्षणी समोरून झोत बसला तर अडथळ्याचा अंदाज चुकू शकतो, आणि पाठीवर माणूस असतो. म्हणूनच अनेक स्पर्धांत फ्लॅशला मनाई असते. आयोजकांना आधी विचारलंच पाहिजे. छत्री किंवा मोठा सॉफ्टबॉक्स मैदानात नको. वाऱ्याने तो फडफडला की घोडा बुजतो. स्टँड दोरीच्या बाहेर, पायाशी वाळूची पिशवी, आणि वायर एकही नाही.

वरातीत तर जास्त जपावं. डोक्यावर दिव्यांची ओळ, कानाशी डीजे, पायाखाली फटाक्यांचा कागद, आणि घोडी लगामाशी मान झटकत असते. कान मागे पडले, नाकपुड्या फुगल्या, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागला की ती घाबरली आहे असं समजावं आणि कॅमेरा खाली घ्यावा. फोटो सुरू करण्यापूर्वी लांबून, बाजूने, कमी ताकदीवर दोन-चार वेळा फ्लॅश उडवून तिला सवय होऊ द्यावी. नवरदेवाच्या घरच्यांनी कितीही घाई केली, तरी परवानगी घोडेवाल्याची. घोडीचा स्वभाव तोच ओळखतो.

या दिवाळीनंतर वरातीला किंवा सारंगखेड्याला कॅमेरा घेऊन जाणार असाल, तर नवा महागडा फ्लॅश घेण्याआधी हातातला फ्लॅश १/१६ वर आणा, कॅमेऱ्यावरून उतरवून स्टँडवर चढवा आणि घोडेवाल्याला विचारा. तो नको म्हणाला, तर फ्लॅश बंद ठेवा.