स्पिती : माती, पाणी आणि विकास

हिमाचल प्रदेशाच्या ईशान्य सीमेवरील लाहौल-स्पिती हा जिल्हा विस्ताराने त्या राज्यात सर्वांत मोठा, तर लोकसंख्येने सर्वांत लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,८०० चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या ३१,५६४ भरली. १९६० मध्ये तत्कालीन पंजाब राज्यात हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६६ मध्ये तो हिमाचल प्रदेशात समाविष्ट करण्यात आला. नावाने जोडलेले हे दोन प्रदेश निसर्गतः मात्र विभक्त आहेत. लाहौलमध्ये चंद्रा व भागा या नद्यांच्या संगमातून चिनाब सिद्ध होते. स्पिती नदी किन्नौरमध्ये सतलजेस मिळते. दोहोंमधील कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरहून उंच असून हिवाळ्यात कित्येक महिने बंद असते. २०२० मध्ये रोहतांगखालून जाणारा सुमारे ९ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, तेव्हा लाहौलचा हिवाळी एकांतवास बराचसा संपला. स्पितीस त्या काळात किन्नौरमधून येणाऱ्या आणि दरडींनी वारंवार अडणाऱ्या रस्त्याचाच आधार उरतो. यास्तव एका खोऱ्यास उपकारक ठरलेली योजना दुसऱ्यासही तशीच ठरेल, असे गृहीत धरता येत नाही. प्रस्तुत विवेचन स्पितीपुरते मर्यादित आहे.

पर्वतरांगांच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे स्पितीत मोसमी पाऊस अत्यल्प पडतो. शेती सर्वस्वी वितळणाऱ्या बर्फावर अवलंबून असते. वरच्या ओढ्यांचे पाणी ‘कुहल’ नावाच्या लांबच लांब पाटांनी गावात आणतात, ते रात्री तळ्यात साठवितात आणि दिवसा ठरलेल्या पाळीने शेतांस देतात. वर्षातून एकच पीक निघते. तेथे मर्यादा जमिनीची नसून पाण्याची आहे. ओसाड जमीन अमाप आहे. पाट पोहोचेल तेवढीच शेती होते.

समाजरचनाही याच मर्यादेशी जुळवून घेणारी होती. परंपरेने घर, शेत आणि त्याबरोबरचा पाण्याचा हक्क थोरल्या मुलाकडे जाई. धाकट्या भावांपैकी पुष्कळजण की, धनकर, ताबो यांसारख्या मठांत भिक्षू होत. त्यामुळे शेतीचे तुकडे पडत नसत आणि खाणारी तोंडेही मर्यादित राहत. या व्यवस्थेने खोरे तगले हे खरे. परंतु तिचा भार धाकट्या मुलांवर व मुलींवर पडला, हेही नाकारता येत नाही. आता धाकटे भाऊही स्वतंत्र संसार मांडतात. न्यायदृष्ट्या हा बदल इष्टच होय. तथापि पाटातील पाणी त्या प्रमाणात वाढलेले नाही.

गेल्या काही दशकांत जवाच्या जोडीला हिरवा वाटाणा आला. मैदानी प्रदेशात त्याचा हंगाम नसतो तेव्हा स्पितीचा वाटाणा बाजारात जातो व चांगला भाव मिळवितो. या रोख पैशाने मुलांचे शिक्षण व प्रवास शक्य झाले. मात्र ऐन हंगामात रस्ता बंद पडला, तर नाशवंत माल वाटेतच अडकतो. शिवाय हिवाळी बर्फ कमी पडले की उन्हाळ्यात कुहल कोरडी पडते आणि वर्षाचे एकमेव पीक धोक्यात येते.

स्पितीचा स्थापत्यवारसाही हवामानाच्या या शुष्कतेवरच उभा आहे. ताबो येथील मठाची स्थापना इ. स. ९९६ मध्ये पश्चिम तिबेटातील राजवंशातील येशे-ओ याच्या प्रेरणेने झाली. पुढे १०४२ मध्ये जंगछुब-ओ याने त्याचा जीर्णोद्धार केला. येथील मुख्य मंदिराच्या भिंती मातीच्या, त्यांवरील देवमूर्ती मातीच्या आणि चित्रांखालचा गिलावाही मातीचाच आहे. छप्पर लाकडी तुळया, काटक्या व चोपलेली माती यांच्या थरांचे असते. हिवाळ्यात साचलेले बर्फ लोक वेळच्या वेळी खाली लोटतात. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौर भूकंपात ताबोची हानी झाली, तरी प्राचीन मंदिर टिकले. अशा छपरास खरे भय सतत झिरपणाऱ्या पावसाचे असते. पाणी आत उतरले की भित्तिचित्रांवर चिखलाचे ओघळ येतात. जुलै २०२३ मध्ये अवेळी बर्फ पडून चंद्रताल सरोवरापाशी शेकडो प्रवासी अडकले. अशा प्रसंगी जे संकट प्रवाशांचे, तेच मातीच्या छपरांचेही होय.

पर्यटनाच्या वाढीबरोबर काझा व आसपास सिमेंटची घरे उभी राहत आहेत. त्यांचे छप्पर दुरुस्तीची दगदग कमी करते, हे त्यांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. परंतु जाड मातीची भिंत दिवसाचे ऊन साठवून रात्री ऊब देते. सिमेंटची पातळ भिंत लवकर थंड होते व सरपणाचा खर्च वाढविते. तेच शौचालयांचे. पारंपरिक कोरड्या शौचालयात पाणी लागत नाही आणि त्यातील खत शेतास मिळते. अतिथिगृहांतील नव्या पद्धतीचे शौचालय मात्र पाणी खर्च करते व शेताचे खतही हिरावून घेते.

यावरून स्पितीच्या गरजांचा क्रम लावता येतो. हिवाळ्यातही उपलब्ध राहील अशी वैद्यकीय सेवा, दरडींपासून सुरक्षित रस्ता आणि खोऱ्यातच पुरे होईल असे शिक्षण या गरजा निर्विवाद आहेत. त्यांच्या बरोबरीने कुहलींची दुरुस्ती, तळ्यांची वाढ आणि मातीच्या बांधकामाचे सुधारलेले तंत्र यांनाही विकासकार्य म्हणूनच स्थान मिळाले पाहिजे; त्यांची गणना केवळ जतनकार्यात होऊ नये. छप्पर चोपणारा कारागीर व पाण्याची पाळी राखणारा गावकरी यांचे ज्ञान लोपले, तर ताबोची चित्रे वाचविणे आणि वाटाण्याचे शेत भिजविणे ही दोन्ही कामे एकाच वेळी अवघड होतील. स्पितीत वारसा आणि उपजीविका यांचे हिशेब वेगळे मांडता येत नाहीत, कारण दोहोंचे भांडवल एकच आहे : थोडे पाणी आणि जपलेली माती.