चार इंच बर्फ किती दिवसांत?

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात अप्पर रेड लेक नावाचे एक विस्तीर्ण पण उथळ तळे आहे. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी या तळ्याच्या गोठलेल्या पृष्ठभागावर मासे धरायला गेलेली सुमारे २०० माणसे एकाएकी किनाऱ्यापासून तुटली. ती ज्यावर उभी होती ती बर्फाची प्रचंड लादी किनाऱ्याकडच्या बर्फापासून सुटली होती आणि मध्ये उघड्या पाण्याचा पट्टा पडला होता. बचाव पथकांनी सर्वांना सुखरूप परत आणले. हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि बर्फ नवा होता.

आपल्याकडे तळ्यावर मासे धरायचे म्हणजे काठावर किंवा होडीत बसायचे. मिनेसोटात हिवाळ्यात लोक तळ्यावरून चालत जातात, मोठ्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडतात. मिल लॅक्ससारख्या मोठ्या तळ्यावर तर छोट्या लाकडी खोल्यांची वसाहतच उभी राहते. आत शेगडी, बाहेर मोटारगाडी, आणि हे सगळे बर्फावर! त्यामुळे दर वर्षी थंडी पडू लागली की एकच प्रश्न असतो : बर्फ आपल्याला पेलेल का? राज्याचा नैसर्गिक साधनसंपत्ती विभाग सांगतो की, पायी चालायला स्वच्छ, घट्ट बर्फ निदान ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर हवा. लहान मोटारगाडीला ९ ते १० इंच. 'बर्फ पूर्णपणे सुरक्षित कधीच नसतो' असेही तो विभाग बजावतो.

मग हे १० सेंटिमीटर किती दिवसांत तयार होतात? 'दिवसाला एक इंच' असे ठोकळेबाज उत्तर कुणीही देईल. पण पदार्थविज्ञान काय म्हणते ते पाहू. शालेय पाठ्यपुस्तकातल्या दोनतीन कल्पना येथे इतक्या सुरेख एकत्र येतात की, वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सुचत नाही.

पहिली कल्पना पाण्याच्या असंगत आचरणाची. थंडी पडली म्हणजे तळे लगेच गोठते असे नाही. वरचे पाणी थंड होऊन जड होते व खाली जाते, खालचे वर येते. सगळे तळे ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्यावरच हे चक्र थांबते. त्यानंतरचे अधिक थंड पाणी हलके असल्यामुळे वरच राहते आणि तेथेच गोठते. खोल तळ्यात यासाठी खूप उष्णता बाहेर पडावी लागते, उथळ तळ्यात थोडी. म्हणून अप्पर रेड लेक लवकर गोठते आणि उतावळे लोक आधी तेथेच जातात.

आता पृष्ठभागावर बर्फाचा पापुद्रा धरला. यापुढचा बर्फ वरून नव्हे, खालून वाढतो. बर्फाच्या तळाशी असलेले पाणी गोठायचे तर त्याने आपली अप्रकट उष्मा सोडली पाहिजे : प्रत्येक ग्रॅममागे ८० कॅलरी. एक चौरस मीटर क्षेत्रावर एक सेंटिमीटर बर्फ म्हणजे ९ किलोपेक्षा थोडा जास्त. तेव्हा सुमारे ७३० किलोकॅलरी उष्णता बाहेर जायला हवी. आणि तिला वाट एकच आहे, ती म्हणजे आधी तयार झालेल्या बर्फातून वर, हवेत. बर्फ जसा जाड होतो तशी ही वाट लांबते. बर्फ स्वतःच तळ्याची गोधडी होतो आणि स्वतःचीच वाढ मंदावतो.

हे गणित ऑस्ट्रियातील शास्त्रज्ञ जोसेफ स्टेफान यांनी १८९१ साली मांडले. प्रारणाच्या नियमामुळे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ते ठाऊक असतात, तेच हे. ध्रुवीय मोहिमांवर गेलेल्यांनी समुद्रातील बर्फाच्या जाडीची मापे आणली होती. त्यांचा उलगडा करताना स्टेफान यांना दिसले की, जाडीचा वर्ग हा साठलेल्या थंडीच्या प्रमाणात असतो. साठलेली थंडी मोजायची ती अंश-दिवसांत. दिवसरात्रीचे सरासरी तापमान उणे १० अंश असेल तर एका दिवसाचे १० अंश-दिवस झाले, चार दिवसांचे ४०. बर्फाची वाहकता, घनता आणि अप्रकट उष्मा घालून सूत्र असे येते :

जाडी (सेंटिमीटर) = ३.५ × √अंश-दिवस

म्हणजे उणे १० अंशांत चार दिवसांनी सुमारे २२ सेंटिमीटर. तेच ४४ व्हायला आणखी चार दिवस पुरत नाहीत, एकूण सोळा लागतात. दुप्पट जाडीला चौपट काळ!

आता हेच सूत्र आपल्या १० सेंटिमीटरना लावून पाहा. उत्तर येते सुमारे ८ अंश-दिवस, म्हणजे उणे १० अंशांत वीस तासही नकोत. सायंकाळी तळे गोठले तर दुसऱ्या दिवशी दुपारी वर चालायला हरकत नाही! हे उत्तर धोकादायक आहे, आणि ते का चुकते हे समजणे सूत्र पाठ करण्याहून महत्त्वाचे आहे.

सूत्रात असे गृहीत धरले आहे की, बर्फाच्या वरच्या पृष्ठभागाचे तापमान हवेइतकेच असते. जाड बर्फाबाबत ते बरेचसे खरे. पण पातळ बर्फातून उष्णता इतक्या भराभर वर येते की पृष्ठभागालगतचा हवेचा थर ती तितक्या वेगाने पुढे नेऊ शकत नाही. पृष्ठभाग हवेपेक्षा गरम राहतो. हा हवेचा थर उष्णतेला जो अडथळा करतो तो वारा असताना साधारण १० आणि हवा स्तब्ध असताना २० सेंटिमीटर जाडीच्या बर्फाइतका धरता येतो. हा हिशेबात घेतला की १० सेंटिमीटर बर्फाला उणे १० अंशांत अडीच ते चार-साडेचार दिवस लागतात. वीस तास कुठे आणि चार दिवस कुठे! गंमत अशी की, या पहिल्या टप्प्यापुरता 'दिवसाला एक इंच' हा अडाणी ठोकताळाच वर्गमुळाच्या सूत्रापेक्षा सत्याच्या जवळ जातो. मात्र उणे १० अंशांच्या आसपासच. उणे ३ अंशांत तो साफ फसेल.

दुसरी अडचण हिमाची. भुरभुरून पडलेल्या ताज्या हिमात बहुतेक हवाच असते. त्याचा ५ सेंटिमीटरचा थर उष्णतेला अर्धा मीटर बर्फाहून अधिक अडवतो. म्हणजे तळे गोठल्यावर लगेच हिमवर्षाव झाला की, बाहेर कडाका असला तरी खालची वाढ खूपच मंदावते. कोरडी, वाऱ्याची थंडी आणि हिमाची थंडी यांत एवढा फरक पडतो की अभियंते सूत्रातला ३.५ हा आकडा उघड्या, वाऱ्याच्या तळ्यासाठी २.७ आणि हिम पडलेल्या तळ्यासाठी १.७ ते २.४ असा कमी करून घेतात. शिवाय हिमाच्या वजनाने लादी दबते, भेगांतून पाणी वर येते, हिम भिजते आणि गोठून पांढरा बर्फ होतो. तो जाडी वाढवतो, पण त्याची ताकद स्वच्छ बर्फाच्या साधारण निम्मी. म्हणून पांढऱ्या बर्फासाठी जाडी दुप्पट धरायला सांगतात.

बर्फ किती वजन पेलतो याचाही एक ठोकताळा आहे. कॅनडाच्या लॉर्न गोल्ड यांनी १९७१ साली बर्फावरून वाहने नेण्याच्या अनुभवांवरून तो मांडला : जाडीचा (सेंटिमीटर) वर्ग गुणिले ३.५, म्हणजे किलोग्रॅममध्ये सावध भार. १० सेंटिमीटरला ३५० किलो. ५ सेंटिमीटरला ८८ किलो. मग ७० किलोच्या माणसाला ५ सेंटिमीटर पुरेत की! पण तोच बर्फ दहा पावलांवर ४ सेंटिमीटर असेल तर भार ५६ किलोवर येतो. झरे, ओढ्याचे मुख, दोन तळ्यांमधली अरुंद वाट, अशा ठिकाणी खालचे पाणी हलत असते व बर्फ पातळच राहतो. चार इंचांचा आग्रह ७० किलोसाठी नसून या अनिश्चिततेसाठी आहे, असे आम्हाला वाटते. मार्चच्या उन्हात तर जाडीही फसवी ठरते. बर्फाचे उभे स्फटिक एकमेकांपासून सुटू लागतात आणि फूटभर जाडीचा बर्फही भुसभुशीत होतो.

आणि वारा? अप्पर रेड लेकसारखी मोठी लादी किनाऱ्यापासून सुटते तेव्हा ती माणसांच्या वजनाने खचलेली नसते. जाडीच्या कुठल्याही सूत्रात हे बसत नाही.

म्हणून जाणती मंडळी अंश-दिवसांची बेरीज करतात ती केव्हा जायचे याचा अंदाज घेण्यापुरती. तळ्यावर पाऊल टाकल्यावर हातात टोकदार पहार असते. पुढे ठोकत जायचे. पहार आरपार गेली तर आल्या पावली मागे. थोड्या थोड्या अंतरावर गिरमिटाने भोक पाडून पट्टीने मोजायचे. गळ्यात दोन अणकुचीदार खुंट्या अडकवलेल्या असतात, पाण्यात पडलेच तर बर्फात रोवून वर यायला.

आपल्या वर्गातही याची चुणूक दाखवता येईल. वेष्टनातल्या जाड थर्मोकोलमध्ये दोन सारखे खळगे करून त्यांत दोन पेले बसवा, पाणी पाऊण भरा आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा. पापुद्रा धरला की एका पेल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कापसाचा थर ठेवा. हे आपले हिम. बारा तासांनी दोन्हींतल्या बर्फाची जाडी मोजायला सांगा. उघड्या पेल्याची जाडी दर तीन तासांनी मोजून आलेख काढला (दर वेळी नवा पेला घ्यावा लागेल, बर्फ फोडूनच मोजता येतो), तर तो वर्गमुळाचा वक्र न येता जवळजवळ सरळ रेषा यायला हवी. असे का, हे विद्यार्थ्यांना विचारा.