ऑर्कुट: निरोपवहीपासून प्रवाहापर्यंत

ऑर्कुट ब्युयुक्कोक्टेन या तुर्की अभियंत्याने गूगलमध्ये असताना घडवलेले ‘ऑर्कुट’ जानेवारी २००४ मध्ये सुरू झाले, तेव्हा जुन्या सदस्याच्या निमंत्रणाशिवाय त्यात प्रवेश मिळत नसे. अमेरिकेत जन्मलेल्या या समाजमाध्यमाला खरा आश्रय मिळाला तो ब्राझील आणि भारतात. त्याचा आत्मा होता ‘स्क्रॅपबुक’, म्हणजे प्रत्येकाच्या पानावरची निरोपवही. मित्राच्या वहीत लिहायचे आणि उत्तर आपल्या वहीत यायचे, त्यामुळे एकच संभाषण दोन वह्यांत अर्धे-अर्धे विखुरलेले असे, आणि आरंभी ते तिऱ्हाइतालाही वाचता येई. फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये ‘न्यूज फीड’, म्हणजे मित्रांच्या ताज्या घडामोडींचा एकत्र प्रवाह, आणला आणि कोणाच्याही पानावर न जाता सर्वांची खबर बसल्या जागी मिळू लागली. सोय वाढली, पण मुद्दाम वाट वाकडी करून कोणाकडे डोकावण्यातला जिव्हाळा ओसरला, हे नुकसान लहान नव्हे. ऑर्कुटनेही पुढे आपले रूप पालटले. परंतु अशा माध्यमाचे मोल त्यातील ओळखीच्या माणसांवर ठरत असल्याने, मंडळी फेसबुककडे वळू लागताच मागे राहिलेल्यांनाही ऑर्कुटवर थांबण्याचे कारण उरले नाही. ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ते बंद केले.