जुन्या जीपची उभारणी (भाग ८) : पॅनल आधी पुठ्ठ्यात

गेल्या आठवड्यात वायरिंगचा जुडगा फायरवॉलमधून आत घेऊन डॅशबोर्डमागे लोंबकळत सोडला होता. त्या वायरी ज्या मीटरांना आणि स्विचांना जाऊन मिळणार, त्यांचं पॅनल या वेळी करायचं. हौशी माणूस आधी चकचकीत मीटर आणतो, मग पत्रा, मग ड्रिल. पुठ्ठा मात्र कुणी आणत नाही. माझ्या मते या कामाची निम्म्याहून जास्त मेहनत पुठ्ठ्यावरच व्हायला हवी.

जीपचा डॅशबोर्ड म्हणजे सपाट पत्रा, ही मोठी सोय. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबीमध्ये मीटर मधोमध असत: एक मोठा स्पीडोमीटर आणि भोवती पेट्रोल, ऑइल प्रेशर, तापमान आणि अँपिअर दाखवणारे चार छोटे. स्टिअरिंग डावीकडे असो वा उजवीकडे, मधली जागा दोन्हीकडून सारखीच दिसते. आज हाती येणाऱ्या जुन्या जीपांचे डॅशबोर्ड मात्र आधीच्या मालकांनी कॅसेट प्लेअर, पंखा आणि देवाच्या फोटोसाठी भोकं पाडून चाळण केलेले असतात. ती भोकं झाकायला वेगळं पॅनल वरून बसवावं. मूळ पत्र्याची खालची दुमडलेली कड मात्र कापू नये. पत्र्याचा ताठपणा त्या घडीत असतो.

टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या आणि डॅशबोर्डच्या आकाराचा कापून चिकटपट्टीने जागेवर लावा. मीटरांच्या रिंगांएवढ्या चकत्या कापून त्यावर टाचा. मग जी सीट शेवटी बसणार आहे तिच्यावरच बसा, कारण गादी दोन इंच कमी-जास्त झाली तरी नजरेची रेषा बदलते. हात स्टिअरिंगवर ठेवून पाहा, कुठला मीटर रिंगेआड जातो. गिअर आणि फोर-व्हीलचे दांडे सगळ्या जागी फिरवून पाहा, बोटं कुठल्या स्विचला आपटतात. हेडलाइटचा स्विच अंधारात चाचपडून सापडतो का, हे डोळे मिटून तपासा. त्यानंतर मागची बाजू. स्पीडोमीटरची केबल मीटरमधून निघाल्यावर काही इंच सरळ जायला हवी. तिथेच तिला काटकोनात वळवलं तर काटा थरथरत राहतो. वायपरची मोटर, हवेचा पाइप, पेडलांचा वरचा भाग यांची जागाही पुठ्ठ्यावर पेन्सिलने खुणावून ठेवा.

शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्यांची एक युक्ती इथे उचलण्यासारखी आहे. ते मीटर सरळ बसवत नाहीत. इंजिन ठीक चालू असताना प्रत्येक काटा बाराच्या ठोक्याकडे रोखलेला राहील, एवढा मीटर फिरवून बसवतात. मग आकडे वाचावे लागत नाहीत. एखादा काटा कलला, तर नजर जाता जाताच कळतं. आपल्याकडे सर्रास मिळणारे ५२ मिलिमीटरचे छोटे मीटर मागून पट्टीने आवळलेले असल्याने हवे तसे फिरवता येतात. अक्षरं तिरकी दिसतात म्हणून लोक नाक मुरडतात. मुरडू देत.

पुठ्ठा मनासारखा झाला की त्यावरून तीन मिलिमीटरच्या प्लायचा नमुना कापायचा, आणि त्यात खरेखुरे मीटर घालून पाहायचे. मगच पत्रा. उघड्या जीपला एमडीएफ नकोच, पहिल्याच पावसाळ्यात ते फुगतं. मी तीन मिलिमीटर अॅल्युमिनियमच्या बाजूचा आहे. गंजत नाही आणि कानशीने घासता येतं. भोसरीसारख्या औद्योगिक वसाहतीत लेझर कटिंगवाल्याकडे ड्रॉइंग दिलं, तर भोकं हातापेक्षा कितीतरी स्वच्छ निघतात. घरी कापायचं असेल तर होल सॉ मंद गतीवर चालवा आणि मधूनमधून रॉकेलचे थेंब सोडा, नाहीतर मऊ धातू दात्यांना चिकटून बसतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियममध्ये थेट स्टीलचे स्क्रू पिळले की भोवती पांढरी भुकटी जमते, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर हवा.

जुन्या बुगाटींच्या डॅशबोर्डवर माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली चकचकीत वर्तुळं असत. तशी नक्षी ड्रिलला खरखरीत रबरी दांडा लावून आपल्यालाही काढता येते. दिसते देखणी, पण टप नसलेल्या जीपमध्ये भर दुपारी तीच डोळ्यांवर येते. काळं, बिनचमकीचं पावडर कोटिंग करा. कोटिंगचाही थर असतो, तेव्हा भोकं किंचित सैल ठेवा आणि सगळं कापणं-घासणं भट्टीत जाण्यापूर्वीच उरका.

आता वायरींकडे. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. त्यामुळे पॅनल बॉडीला आवळलं की अर्थिंग झालं, असं धरून चालू नका. प्रत्येक मीटरची काळी वायर एकत्र करून एक जाड वायर थेट बॉडीच्या खरवडलेल्या जागी न्या. सगळे काटे एकदम नाचू लागले, तर पहिला संशय या जोडणीवर घ्यायचा.

अँपिअर मीटर जुन्या रूपासाठी हवासा वाटतो, पण गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह त्यातून फिरतो. जुन्या डायनामोच्या हिशेबाने केलेला मीटर नव्या अल्टरनेटरच्या प्रवाहाला पुरा पडत नाही. व्होल्टमीटर बरा: इंजिन चालू असताना १४ च्या आसपास, बंद असताना साडेबारा. चार्जिंगचा लाल दिवा मात्र शोभेचा समजून काढू नका. बऱ्याच अल्टरनेटरांना सुरुवातीचा प्रवाह त्या दिव्यातूनच मिळतो. त्याजागी एलईडी लावला तर तेवढा प्रवाह जात नाही, आणि अल्टरनेटर जागा व्हायला इंजिन रेस करावं लागतं.

कुर्ल्याच्या किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून मीटर आणणार असाल, तर टाकीतल्या सेंडरशी त्याची जोडी जुळते का ते पाहा. काही सेंडर रिकाम्या टाकीला १० ओहम आणि भरलेल्या टाकीला १८० दाखवतात, तर अमेरिकी पद्धतीचे रिकाम्याला २४० आणि भरलेल्याला ३३. उलटी जोडी जमली, की टाकी भरून पंपावरून निघता निघता काटा तळाकडे झुकतो. ऑइल प्रेशरचा मीटरही विजेवर चालणारा घ्यावा. नळीच्या मीटरमध्ये गरम ऑइल थेट पॅनलमागे येतं, आणि नळी फुटली तर ते पायांवरच सांडतं.

सगळ्या वायरी एक-दोन मोठ्या कनेक्टरांवर आणा आणि केबलला हातभर ढील ठेवा. चार स्क्रू काढले की पॅनल मांडीवर घेऊन काम करता आलं पाहिजे.

चालू स्पीडोमीटर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे हवाच, आणि तो खरा वेग दाखवतो की नाही, हे पुढच्या भागात. त्यासाठी टायरमध्ये नेहमीची हवा भरा, खाली टेकलेल्या जागी टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, जीप सरळ ढकलून चाकाचा पूर्ण फेरा करा आणि दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. रुंद टायर टाकले असतील, तर जुन्या टायरचंही हेच माप लागेल.